वाशीमला न उतरलेलं विमान

गुवाहाटी ते वाशीम हे अंतर विमानाने अडीच तासांचं आहे. हे मी फोनवर वाचलं आणि वडिलांच्या प्रेताशेजारी उभं राहून चारचौघांत जाहीर केलं.

बाबा पहाटे गेले. धाकटा भाऊ संजू नोकरीसाठी गुवाहाटीला. मायचं एकच म्हणणं होतं, "बाळू, संज्याले बाचं तोंड दिसू दे. त्याच्याबिगर नेऊ नोको."

शेजारचे भिकाकाका म्हणाले, "मास्तर, कारंज्याहून बर्फाची पेटी बोलावू काय?"

"कायले, काका? अडीच घंट्याचा तर मामला हाय!"

(वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या कामरगावात मास्तरचा शब्द कोणी तपासत नाही. तपासायला हवा!)

नऊ वाजता संजूचा फोन आला. "दादा, विमानात बसलो." पुढचं ऐकायच्या आत फोन बंद. मी बोटं मोजली. नऊ आणि अडीच, साडेअकरा! घरापर्यंत यायला अर्धा तास वरून दिला. मी उदार माणूस! बाराची वेळ ठरली. पाहुणे गोळा झाले, तिरडी बांधून झाली. बारा वाजले, एक वाजला. माय दाराकडे बघत होती आणि मी आभाळाकडे.

भिकाकाका हळूच जवळ आले. "मास्तर, राग नोको मानू. पन वाशीमले विमानतळ कवा झालं?"

मी फोन खिशात सारला.

"नाई म्हंजे, उतरन कुठी? सोयाबीनात?"

मागे कोणीतरी दुपट्ट्यात तोंड खुपसून खोकलं. तो खोकला नव्हता, हे मलाही कळलं. मी फोन पुन्हा उघडला. त्या पानावर कुठल्याही दोन गावांची नावं टाका, ते सरळ रेघ मारून वेळ सांगतं. तिथे विमान जातं की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही!

दोनला संजूचा फोन. "दादा, कोलकात्यात हाव. फोन आता चार्ज झाला. नागपूरचं विमान उद्या पहाटे. बाले ठेवसान न?"

आता धावाधाव! पण बर्फाची पेटी तोवर मानोऱ्याकडे एका घरी गेली होती. दुसरी मिळेना. चैत्राचं ऊन. दिवस कलायला लागला तेव्हा मायच म्हणाली, "न्या." माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. खांदा देताना मी इतका रडलो की लोक मलाच धरत होते. त्यांना वाटलं, बाप गेला म्हणून.

संजू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. मला वाटलं, भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं. तो राखेपाशी बसला आणि म्हणाला, "दादा, बा कसा दिसत होता?"

"झोपल्यावानी," मी म्हणालो. तेवढंच मला नक्की माहीत होतं.

परवा आमच्या आळीत एक म्हातारी वारली. मुलगा सुरतला. त्याला यायला किती वेळ लागेल, हे घरच्यांनी किराणावाल्याला विचारलं, ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, मला सोडून सगळ्या गावाला विचारलं.

मी शाळेत भूगोल शिकवतो.