आबांच्या डोळ्याखालचा शुभ तीळ

"आबा, हलू नका! दोन्ही डोळे मिटा. आणि हसू नका प्लीज!"

"हसत न्हाई ओ, गुदगुल्या हुत्यात."

मी लोणावळ्यात एका स्किन क्लिनिकमध्ये ज्युनिअर डॉक्टर आहे आणि त्या दिवशी माझ्या हातात नवाकोरा डर्मोस्कोप होता! डर्मोस्कोप म्हणजे दिवा असलेलं भिंग. मोबाईलला जोडायचं, की कातडीवरची चमक जाते आणि खालचं डिझाईन दिसतं. डोळ्याजवळ ते टेकवायचं नाही, जरासं वर धरायचं. म्हणजे हात थरथरला की फोटो गेला!

पेशंट मळवलीचे आबा. बैलगाडा शर्यतवाले. उजव्या डोळ्याखाली एक टेंगूळ आणि त्यावर ढीगभर कुंकू.

"कुंकू कशाला?" मी विचारलं.

"शुभ तीळ हाय. शर्यतीच्या सकाळी मी हिऱ्याच्या मस्तकाला मस्तक लावतो. हिऱ्या म्हंजी आमचा बैल. मागल्या बारीला लावलं, अन् त्याच दिशी हा तीळ उगवला, अन् हिऱ्या पयला आला! आता येत्या रविवारी परत शर्यत हाय. तवर हात लावू देनार न्हाई."

बाजूला त्यांच्या पत्नी, म्हणजे मावशी, रडकुंडीला आलेल्या. "तिळाचा मसूर झाला वो चार-पाच दिसांत! हात लावू देत न्हाईत, बघू देत न्हाईत. क्यानसर तर न्हाई ना?"

मी लगेच गॉज ओला करायला घेतला. कारण इतक्या भराभर वाढणारी गाठ म्हणजे आमच्याकडे वाईट लक्षण. तिथे डोळा जवळ, म्हणजे ऑपरेशनही अवघड. मी ओल्या गॉजने हळूच कुंकू पुसलं (आबा विव्हळले, दुखलं म्हणून नाही, नशीब पुसलं म्हणून), फोटो काढला आणि झूम केला.

बापरे! करड्या गाठीच्या एका टोकाला बारीक बारीक रेषा फुटलेल्या. कडेने रेषा फुटणं म्हणजे कॅन्सरची शंका घ्यायची, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी फोन घेऊन थेट आमच्या सीनिअर डॉक्टर मॅडमच्या केबिनमध्ये.

"मॅडम! रेषा! पुण्याला पाठवू का? बायोप्सी?" बायोप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणं.

मॅडम पोहे खात होत्या. फोटो बघून चमचा खाली ठेवला.

"किती रेषा आहेत?"

"आठ!"

"एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार?"

"हो! किती व्यवस्थित ना!"

"हलतायत का?"

"मॅडम, फोटो आहे."

"मग जा आणि व्हिडिओ काढ."

गेले. भिंग धरलं. बघितलं.

रेषेने मला हात केला.

मी एवढ्या जोरात किंचाळले की आबांनी डोळे उघडले, मावशींनी देवाचं नाव घेतलं आणि मॅडम पोह्यांसकट आत आल्या. मावशींनी माझ्या हातातला मोबाईल ओढला.

"अगं बया! गोचीड हाय की ही!"

"व्हय?" आबा.

"बैलाची गोचीड! अन् चार-पाच दिस तिला कुंकू लावताय! माझ्या वाढदिसाला एक गजरा न्हाई!"

मॅडमनी बारीक चिमट्याने गोचीड कातडीलगत धरली आणि सावकाश सरळ वर ओढली. आली अख्खी. ताप आला किंवा पुरळ उठलं तर लगेच यायचं, येताना हीच गोचीड दाखवायला आणायची, म्हणून ती स्पिरिटच्या बाटलीत घालून दिली. मॅडमनी बैलालाही गुरांच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. मावशी हसत हसत रडल्या. आबांनी बाटली छातीच्या खिशात ठेवली.

"रविवारी बरोबर नेतो हिला."

सोमवारी मी फोन केला. ताप नाही, पुरळ नाही. भारी! मग शर्यतीचं विचारलं.

"हारलो," आबा म्हणाले. "तुमच्या मॅडममुळं."

"तीळ काढला म्हणून?"

"त्येच्यामुळं न्हाई वो. हिऱ्याच्या समद्या गोचिड्या काढल्या ना! आता त्याला काय चावतच न्हाई, तर पळंल कशाला? निम्म्या वाटंत उभा राहून लोकांकडं बघत बसला!"

मागून मावशींचा आवाज आला, "जित्राब सुखात हाय, ऱ्हाऊ द्या!"

तेव्हापासून मी आधी व्हिडिओ काढते. कॅन्सर कितीही वाईट असला तरी तो पाय हलवत नाही.