पुतळाआत्याचे धवले

जूचंद्रच्या आमच्या पुतळाआत्याला सगळा गाव धवलारीण म्हणून ओळखायचा. आगऱ्यांच्या लग्नात मांडव उभा राहिल्यापासून हळद उतरेपर्यंत जे विधी चालतात, त्यांची गाणी म्हणजे धवले, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. भटजींना उशीर झाला तर लोक सरबत पीत बसत, पण आत्या पोचली नाही की नवरदेवाची आई घाबरीघुबरी होऊन रस्त्यावर येऊन उभी राही. आत्याला हे पक्कं ठाऊक होतं आणि ती त्याचा थोडा तोराही मिरवायची. एकदा एका मांडवात पोरांनी स्पीकरच्या भिंती लावल्या, तर ही सरळ गेली आणि वायर उपटून हातात घेऊन आली. "पयला माजा होऊ दे, मंग तुमचा," म्हणाली.

तिला अक्षरओळख नव्हती. सासूच्या मागे बसून ती शिकली होती. धवलारीण एक ओळ म्हणते आणि मागे बसलेली ती तशीच उचलून धरते. असे चारपाच लग्नांचे हंगाम गेले की गाणी तोंडात बसतात. लिहून शिकायची पद्धत नाही. आत्याच्या मागे मात्र कुणी टिकलं नाही. गल्लीतल्या दोन सुना एकेक हंगाम बसल्या आणि वसईत कारखान्यात लागल्या. आत्याला मूलबाळ नव्हतं. तिची सगळी आशा माझ्या धाकट्या बहिणीवर, दिपिकावर. दिपिकाचा गळा गोड आहे, आणि आत्या गेली की ही गाणी संपली, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. दिसत होतं एवढंच. दिपिकाची कॉलेजची परीक्षा, मग कॉम्प्युटरचा कोर्स, मग आणखी काही. आणि खरं सांगायचं तर मीच तिला पाठीशी घालत होतो. आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून मांडवात चटईवर बसून गाणारी बहीण मला थोडी अवघड वाटायला लागली होती. आज हे लिहायलाही लाज वाटते.

२००८च्या दिवाळीनंतर एका वाहिनीचे लोक आत्याकडे आले. दोन दिवस तिच्या ओट्यावर कॅमेरा लावून त्यांनी तिच्याकडून धवले म्हणवून घेतले. मांडवापासून ते नवरी निघेपर्यंत सगळे. कार्यक्रम लागायचा होता दोन आठवड्यांनी, एक तासाचा. आत्या मला म्हणाली, "दीपेश, ता ठेवता येल का रं? दिपिकाला बघाला?"

माझ्या अंगात उत्साह संचारला. माणसानं वेळ द्यायचा नसला की वस्तू घेऊन द्यायला किती हुरूप येतो! मी वसई स्टेशनजवळच्या परेशच्या दुकानात गेलो. त्यानं दोन यंत्रं समोर ठेवली. एकात डिस्क घालायची. कार्यक्रम डिस्कवर उतरतो, ती काढून कपाटात ठेवता येते. दुसरा सेट टॉप बॉक्स, रेकॉर्डिंग त्याच्या पोटातच साठतं, डिस्कची भानगड नाही.

परेश म्हणाला, "साहेब, ठेवायचं असेल तर डिस्कवालं घ्या. बघायचं असेल तर बॉक्स घ्या."

इतकं सरळ सांगितलं त्या माणसानं. पण डिस्कवाल्याच्या रिमोटवर बटणंच बटणं होती आणि आत्यासाठी दर वेळी मलाच जूचंद्रला पळावं लागलं असतं. बॉक्सचा रिमोट सुटसुटीत. मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाला सोपं हवं," आणि बॉक्स उचलला. म्हाताऱ्या माणसाच्या नावावर मी माझी सोय बघितली.

कार्यक्रमाच्या दिवशी आत्याच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. लाल बटण मी दाबलं. आत्या पडद्यावर आली तशी खरी आत्या पदर तोंडाला लावून बसली आणि "अगो बाय, कवरी काली दिसतंय मी," म्हणून हसत राहिली. आत्याचे यजमान नथूमामा कानानं पार गेलेले, पण ते पडद्याच्या अगदी पुढ्यात बसून तिच्या ओठांकडे बघत होते.

दुसऱ्या रविवारी मी तिला रिमोट शिकवला. "मना वाचाला येत नाय," ती म्हणाली, "रंग सांग, ध्यानात ठेवीन." मी सांगितलं: कार्यक्रम भरून ठेवायचा असेल तेव्हा लाल. आणि पडद्यावर मधेच काही अक्षरं आली, बॉक्सनं काही विचारलं, तर घाबरायचं नाही, हिरवं दाबायचं. हिरवं म्हणजे हो. माझ्या शिकवण्याचं मला फार कौतुक वाटलं. ऑफिसातही दोघातिघांना सांगितलं.

आत्या लाल बटणात तरबेज झाली. गल्लीतल्या बायका संध्याकाळी नायगावला भाजी विकायला बसायच्या, त्यांच्या मालिका बुडायच्या. आत्या सगळ्यांच्या मालिका भरून ठेवायला लागली. रात्री जेवणं आटोपली की बायका तिच्याकडे जमत. मला बरं वाटायचं. महिन्यातून एकदा जायचो, तेही कमी झालं. दिपिकाही म्हणायची, "परीक्षा संपू दे, मग सुट्टीत आठ दिवस आत्याकडे राहते आणि बॉक्स लावून सगळं पाठ करते."

२००९च्या डिसेंबरात आत्याला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. नुसता आवाज निघायचा, शब्द नाही. घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाले, ओळखीची गाणी ऐकवा, तिचीच असतील तर फारच छान. दिपिका आणि मी लगेच बॉक्सकडे धावलो.

मी यादी उघडली. मालिका, मालिका, कुणाची तरी क्रिकेटची मॅच, पुन्हा मालिका. वरपासून खालपर्यंत तीनदा बघितली. आत्याचा कार्यक्रम नव्हता. वाहिनीच्या ऑफिसात फोन केला, तर ते म्हणाले की जुन्या टेपांवर नवं चित्रीकरण केलं जातं.

मी नथूमामांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं. ते म्हणाले, "त्या डब्यानं काय तं विचारलं. तिना हिरवा दाबला, तू सांगितलेलास तसा. दुसऱ्या दिशी लावाला गेली, तं गाना नाय. शेजारच्या पोरीनं ती अक्षरां वाचलेली, ती बोलली, डबा भरला व्हता, जुना पुसाचा काय, असा विचारीत व्हता."

"कधी झालं हे?"

"गनपतीच्या आधी. मना म्हनली, दीपेशला सांगू नको, येवऱ्या हौसेनं आनलाय त्यानं, त्याला वाईट वाटल. मी तोंडानं शिकवीन दिपिकाला. त्याच आयतवारी आचोल्याला आयली ना तुमच्याकडं."

दिपिकानं माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही तो रविवार आठवला.

दोन रिक्षा बदलून, तीन जिने चढून आत्या आली होती. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट. असं न सांगता ती कधी येत नसे. दम खाऊन झाल्यावर दिपिकाला म्हणाली, "आज मी मोकली हाय. बस माज्या मागं. दोन दिस ऱ्हाईन मी." दिपिका कॉम्प्युटरवर होती. ती काही बोलायच्या आधी मीच हसून म्हणालो, "अगं आत्या, कशाला घसा कोरडा करतेस? तुझं सगळं बॉक्समध्ये आहे ना. ती केव्हाही बघेल."

आत्या क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"हा, हाय ना," म्हणाली. चहा प्यायली, रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली आणि उन्हं उतरायच्या आत परत गेली.