अकरा शालींखालचा माईक

गुरुजींच्या अंगावर सहावी शाल पडली तेव्हा वर्षाने कानावरचा हेडफोन खाली ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाच्या कापडाकडे पाहत होतो. कापड चांगलं होतं.

"नाना, डबीत नुसती खसखस आहे," ती म्हणाली.

"माह्या वायरीत लख्ख येऊन राह्यलं," मी म्हणालो.

तिने हेडफोन पुन्हा कानावर चढवला. सातवी शाल आली.

मी साऊंडवाला. आयुष्यभर चिखली आणि आजूबाजूच्या खेड्यांत लग्नं, जयंत्या, सभा वाजवल्या. शाळा चौथीपर्यंत. पण माईकसमोर माणूस खोकला तरी तो किती बिडी ओढतो हे मी सांगू शकतो, आणि सांगितलेलंही आहे, त्यावरून एकदा भांडणही झालं. वर्षाचं चिखलीत व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. चित्र ती काढते, आवाज मी धरतो. आवाज धरणं हे वेगळं काम आहे, हे लोकांना कळत नाही. लोक म्हणतात, कॅमेऱ्यात माईक असतोच की. असतो. तो भाषणापेक्षा पंखा जास्त ऐकतो.

माझी पद्धत वायरीची. माईक स्टँडवर, त्याला वायर, वायर थेट मशीनमध्ये. मधे कोणी नाही. माझ्या सगळ्या वायरी मी स्वतः सोल्डर मारून बनवलेल्या आहेत आणि मीच गुंडाळतो. दुसऱ्याने गुंडाळलेली वायर आतून पिळते आणि ऐन वेळी दगा देते, म्हणून मी कोणाला हात लावू देत नाही.

यंदा वर्षाने वायरलेस आणला. अर्ध्या काडीपेटीएवढी डबी. बोलणाऱ्याच्या सदऱ्याला चिमट्याने लावायची. माईक तिच्यातच. दुसरी डबी कॅमेऱ्यावर बसते आणि हवेतून आलेला आवाज झेलते. माणूस मोकळा फिरतो, वायरीत कोणाचा पाय अडकत नाही. वर्षाने हे सगळं मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, डबीची बॅटरी मेली की ती तंबाखूच्या डबीपेक्षाही निकामी, कारण तिच्यात तंबाखूही नसतो. शिवाय बोलणारा पाठमोरा झाला तर लहर त्याच्याच अंगाला अडते. माणूस म्हणजे पाण्याने भरलेली टाकी आहे.

वाद वाढला. शेवटी मीच बोलून बसलो की, पुढच्या कामाला दोन्ही लावू. व्हिडिओत ज्याचा आवाज लागेल तो खरा. डबीचा लागला तर मी घरी बसेन, व्हॅनमधली माझी जागा ट्रायपॉडला दे.

"पाहा हं नाना," वर्षा म्हणाली. "मी विसरनार नाई."

"मीही नाई," मी म्हणालो. घरी बसायला माझ्याकडे दुसरं काही काम नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

ते पुढचं काम म्हणजे पिंपळगाव राजाच्या तायडे गुरुजींचा निवृत्ती सोहळा. सकाळी अकराचा कार्यक्रम, शाळेच्या पटांगणात मांडव. गुरुजींनी आम्हाला आल्या आल्या बाजूला घेतलं. त्यांची बायको अकोल्याला मुलीकडे पाय मोडून पडली होती. भाषण तिच्यासमोर महिनाभर म्हणून झालं होतं, आणि सगळ्यांसमोर ते कसं होतं एवढंच तिला पाहायचं होतं.

"शब्द नं शब्द आला पाह्यजे," गुरुजी म्हणाले. "एखादा गेला तं तिले समजते."

वर्षाने डबी त्यांच्या सदऱ्याला लावली. मी स्टँड उभं केलं. कार्यक्रमपत्रिकेत आधी गुरुजींचं भाषण होतं, मग सत्कार. हे वर्षानेच समितीला सांगून करून घेतलं होतं. बारानंतर स्टेजच्या मागून ऊन येतं, व्हिडिओत तोंडं काळी पडतात.

आता माझी चूक. चूक म्हणजे खोडी. सूत्रसंचालन करणारे एकनाथराव गुरुजींच्या शेजारीच उभे होते. मी जाऊन त्यांच्या कानात म्हणालो, "राव, सत्काराआधी भाषण कुठी असते का? गावातले मोठमोठे लोक हातात शाल घेऊन घामाघूम बसले. गुरुजी तासभर बोलले तं त्याइचं काय?"

एकनाथरावांना ते पटलं. त्यांनी माईकवर जाऊन क्रम बदलला.

मला काय माहीत होतं ते सांगतो. आपल्याकडे सत्कारात शाल पांघरतात. ती लगेच काढता येत नाही. देणारा समोर पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि त्याचं लक्ष आपल्या शालीवरच असतं. काढली तर त्याचं तोंड उतरतं. म्हणून दुसरी शाल पहिलीवर, तिसरी दुसरीवर. लहर शालीतून जाते, त्याचं काही नाही. पण आवाज जात नाही. आणि माईकवर कापड घासलं की कडब्याच्या गंजीत म्हैस शिरल्यासारखं ऐकू येतं.

सरपंचांची शाल, सोसायटीची शाल, माजी विद्यार्थ्यांची, भजनी मंडळाची, बचत गटाच्या बायांची, गुरुजींच्या साडूची. साडूची सगळ्यात जाड होती. अकरा झाल्या. गुरुजी मुळात बारीक माणूस, आता ते पोत्यात घातलेल्या मूर्तीसारखे दिसू लागले. माझा आनंद तोंडावर येऊ नये म्हणून मी खाली वाकून वायर नीट करत बसलो. वायर नीटच होती.

गुरुजी बोलायला उभे राहिले. माझ्या स्टँडसमोर तीन वाक्यं बोलले. ती तीन वाक्यं आजही माझ्याकडे आहेत. इतका स्वच्छ आवाज मी फार कमी वेळा धरला आहे.

चौथ्या वाक्याला ते चालू लागले.

त्यांची सगळी नोकरी झाली वर्गात. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून फळ्यापर्यंत. एका जागी उभं राहून या माणसाने कधी एक वाक्यही शिकवलं नव्हतं. हे मी त्यांना आधी विचारायला हवं होतं. आवाज धरणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो, उभे राहून बोलता की फिरून. मी तो विचारला नाही, कारण मी एकनाथरावांच्या कानात गुंतलो होतो.

मांडवातल्या लोकांना काही अडचण नव्हती. गुरुजींचा आवाज असा की त्यांना भोंगा लागतच नव्हता. अडचण मशीनला होती. माझ्या हेडफोनमध्ये गुरुजी येत होते, जात होते, यष्टी गाडी फाट्यावरून जावी तसे.

मी वाकून स्टेजवर गेलो, माईक स्टँडवरून काढला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आता फिरा. गुरुजींनी तो घेतला आणि छडीसारखा धरला. माजी विद्यार्थ्यांकडे रोखला, सरपंचांकडे रोखला, मग दोन्ही हात मागे बांधून पाठीशी धरला. माझा माईक आता गुरुजींच्या मागच्या बाजूचं रेकॉर्डिंग करत होता. चौथ्या फेरीत वायर टेबलाच्या पायाला गुंडाळली गेली आणि पाण्याचा जग सांडला.

मी खाली आलो. वर्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

"नाना," ती हळूच म्हणाली, "भाषन तुमच्या वायरीतही नाई, माह्या डबीतही नाई. मंग आपन अठी काऊन आलो?"

मी हेडफोन पुन्हा कानाला लावला. गुरुजी तिकडे बोलत होते. त्यांनी 'माझी पत्नी' म्हटलं तेवढं मला ऐकू आलं, पुढचं खिडकीकडे गेलं. म्हणजे तिथे खिडकी नव्हती, पण ते त्याच बाजूला गेले.

चालू भाषण थांबवायचं कसं? मोठ्या माणसाला 'थांबा' म्हणता येत नाही. वर्षा म्हणाली, चिठ्ठी द्या. चिठ्ठी दिली तर वक्त्याला वाटतं, वेळ संपली. तेवढ्यात मला समितीच्या टेबलावर एक शाल दिसली. ज्या पाहुण्यांसाठी होती ते आलेच नव्हते.

मी ती उचलली, टोपी सरळ केली आणि स्टेजवर चढलो.

आपल्याकडे भाषण कोणी अडवत नाही, पण सत्काराला कोणी नाही म्हणत नाही. गुरुजी बोलता बोलता थांबले. मांडवाने टाळ्या वाजवल्या. एकनाथराव माझं नाव शोधू लागले. मी शाल उघडून गुरुजींच्या खांद्यावर टाकली आणि तिच्या आडून दुसरा हात आत घातला.

"नाना, हे काय करून राह्यले?" गुरुजी कुजबुजले.

"हालू नका. तुमची डबी शोधून राह्यलो."

"ते शाल साडूची आहे, ओढू नका."

"गुरुजी, गुदगुल्या झाल्या तं सोसून घ्या. बाईसाठी चाललं आहे हे."

कापूस वेचणाऱ्या बाईचा हात जसा न पाहता बोंडात जातो, तसा माझा हात एकेक थर ओलांडत गेला. डबी सापडली. घामाने ओली होती, पण जिवंत होती. ती बाहेर काढून मी सगळ्यात वरच्या शालीच्या काठाला लावली. खाली वर्षाने हेडफोन कानाला लावला आणि मान हलवली.

आता राहिलं झालेलं भाषण. ते परत कसं आणायचं? मी गुरुजींच्या कानाशी गेलो.

"गुरुजी, मांगच्या लोकाइले समजलं नाई. पुन्हा पह्यल्यापासून सांगता का?"

शिक्षकाला हे म्हणा आणि बघा. त्यांचा चेहरा उजळला. ते पुढे आले आणि म्हणाले, "ज्यांना समजलं नाही त्यांच्यासाठी आपण पुन्हा घेऊ." मग सगळं भाषण पहिल्या वाक्यापासून, मधल्या विनोदांसकट, आणखी दोन वाक्यं वाढवून. मागे वरण-बट्टी निवत होती. सरपंचांनी माझ्याकडे असं पाहिलं की, त्या गावात मला पुढे कार्यक्रम मिळेल असं वाटत नाही.

पण आवाज आला. फळ्याकडे आला, खिडकीकडे आला, पाठमोरे झाले तेव्हाही आला. मी हेडफोन लावून शेवटपर्यंत उभा राहिलो. दोष शोधत होतो. एकच सापडला, दूर कुठेतरी बकरी ओरडली.

दोन दिवसांनी वर्षाने दुकानात बोलावलं. व्हिडिओ जुळवताना तिने डबीचं सगळं रेकॉर्डिंग ऐकलं होतं. डबी सकाळपासून चालूच होती, आणि एकनाथराव गुरुजींच्या शेजारीच उभे होते. तिने बटण दाबलं. माझाच आवाज, अगदी स्वच्छ: "राव, सत्काराआधी भाषण कुठी असते का?"

मी म्हटलं, "आवाज चांगला धरते डबी."

"हाव," वर्षा म्हणाली. "तुमचाही धरते."

तिने ते कापलं. गुदगुल्यांचं मात्र ठेवलं. अकोल्याहून गुरुजींच्या बाईंचा निरोप आला की, एकही शब्द गेला नाही, पण दुसऱ्यांदा म्हणताना दोन वाक्यं भलतीच वाढवली आहेत, ती कोणाला विचारून?

पैज मी हरलो. दुसऱ्या दिवशी घरी बसलो. तिसऱ्या दिवशीही बसलो. चौथ्या दिवशी दारात व्हॅनचा हॉर्न वाजला. वर्षा संग्रामपूरला एका साखरपुड्याला निघाली होती. मी म्हटलं, माझी जागा तर ट्रायपॉडला दिली. ती म्हणाली, ट्रायपॉडला वाकून शालीत हात घालता येत नाही, चला.

वायर मी सोबत घेतोच. कोणी विचारलं तर सांगतो, गाडी ओढायला. तीन कामांपैकी दोनदा डबी लागते, एकदा वायर, आणि ज्या दिवशी वायर लागते त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर जरा जास्त बोलतो. बाकी माझं शिक्षण एवढंच वाढलं: माईक कोणताही आणा, बोलणारा फिरतो का ते आधी विचारा, आणि शेवटची शाल पडेपर्यंत डबी आपल्या खिशात ठेवा.