पाच घागरी आणि पायांची रांग

सतरा सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिनाची सकाळ. लातूर जिल्हा नवा झालेला, दुष्काळ मात्र जुनाच. घरात शिल्लक पाणी पाच घागरी, माणसे पाच (दोन पोरे धरून), टँकर परवा. ओट्यावर हजर: माझे वडील नाना, माझी बायको आणि मी.

नाना बिदरकडच्या एका जहागिरीतल्या खेड्यातून बिऱ्हाड घेऊन इथे आले, तेव्हा पहिली घागर शेजारच्या रहीमचाचांनी दिली होती. म्हणून दर मुक्तिदिनाला नाना त्यांचे पाय धूत.

"यंदा नुसता नमस्कार करा की," मी म्हणालो.

"तिकडं जहागीरदाराचे पाय हुकमानं धुतले. इथं कुणाचे धुवायचे ते मी ठरवतो! ह्यालाच स्वातंत्र्य म्हनतात, गाढवा!"

मी हिशेब केला: एका पायाला एक तांब्या. परवडत होते.

घोळ मी घातला. नानांनी सांगितलेली उपकारांची यादी माझ्या वहीत होती (अक्षर माझे, क्रमांकासह). प्रसंगाला शोभा यावी म्हणून मी ती मोठ्याने वाचली. "एक, रहीमचाचा, पाणी. दोन, गंगूबाई, भाकरी..." यादी संपली तेव्हा दारात नऊ माणसे! गंगूबाई तर घरच्या पाटासकट!

"दोन भाकरी दिल्त्या मी. म्हंजी दोन्ही पाय, हाव का न्हाई?"

"मी काडीपेटी दिल्ती!" मागून एकजण ओरडला.

"यादीत न्हाई तुमचं नाव," मी बजावले.

"लिव्हा की मग!"

आठ दिवसांत गल्लीत कुणाच्या पायाला पाणी लागले नव्हते. एकाने साबण आणला. (साबण लावला की एका पायाला चार तांबे लागतात, हे मी हिशेबात धरलेच नव्हते!) दुसऱ्याने पायांबरोबर धोतरही पुढे केले. रहीमचाचा कानाला हात लावून म्हणत होते, "नाना, बस करा, लई झालं!" पण नाना आता कुणाच्या बापाचे ऐकतात? "आण रे अजून!"

आतून बायको दर वेळी रिकामी घागर वाजवून दाखवी. चौथी वाजली. पाचवी वाजली.

गल्ली स्वच्छ पायांनी घरी गेली. आमच्याकडे चहापुरतेही पाणी उरले नाही.

संध्याकाळी रहीमचाचा आले, खांद्यावर घागर. "घ्या. पोरं तहानली असतील."

नानांचे डोळे भरले. "लिव्ह रे. पुढल्या साली चाचाचे पाय दोनदा!"

मी लिहिले: दिल्या पाच घागरी, गल्लीला. आली एक, रहीमचाचांकडून. तोवर बायकोने पाणी वाटले. पोरांना एकेक पेला, नानांना एक. मीही पेला पुढे केला.

"यादीत न्हाई तुमचं नाव," ती म्हणाली.