दुखेल म्हणणाऱ्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाई मुलांशी कधीच खोटं बोलत नसत, आणि म्हणूनच आमची अख्खी शाळा त्यांना टरकून असे. इतर डॉक्टर म्हणतात, मुंगी चावल्यासारखं होईल, बाळा. बाई म्हणत, “दुखेल. सुई टोचताना दुखेल, नंतर नाही. रडायचं तर रड, पण तोंड उघडं ठेवून रड.” आता तोंड उघडं ठेवून रडून बघा एकदा. जमत नाही. मी घरी आरशासमोर करून पाहिलंय.

सातपूरला कारखान्यांच्या मागे आमची शाळा. वर्षातून एकदा दात तपासायला सरकारी दवाखान्याची पांढरी गाडी मैदानात येऊन उभी राही. आत ती खुर्ची, तो दिवा आणि ट्रेमध्ये ओळीनं मांडलेली चकचकीत हत्यारं. मुलांनी बाईंचं नाव पक्कडबाई ठेवलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं. गाडीच्या दारात उभं राहून त्या स्वतःच सांगत, “चला, पक्कडबाई आली.” एरवी छप्पर उचलून धरणारा माझा सातवीचा वर्ग त्या क्षणी असा गप्प होई, की शेजारच्या वर्कशॉपमधले प्रेसचे ठोके मोजून घ्यावेत.

त्यांचा एक नियम होता: आधी सर, मग पोरं. मी इतिहासाचा मास्तर, वर्गात पानिपत एकट्यानं, दोन्ही बाजूंनी लढून दाखवणारा माणूस. पण त्या खुर्चीत बसलो की डोळे गच्च मिटून घेई. दारात पोरांची दाटी, आणि बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “सर, डोळे मिटून काय होणार? तोंड उघडा.” आठवडाभर पोरं माझी नक्कल करत. मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाल्या, “सर घाबरतात हे त्यांना दिसू दे. आणि घाबरूनही बसतात, हेही दिसू दे.”

हे सगळं ऐकूनही एका वर्षी मी काय केलं ते सांगतो.

तपासणीच्या दिवशी माझ्या वर्गातली वैशाली मुलींच्या संडासामागे लपून बसलेली मला खिडकीतून दिसली. तिच्या घरचे हरसूलकडचे, आई इथं एका कारखान्यात पॅकिंगला. पोरगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. आमची नजरानजर झाली. मघाशी खुर्चीतून उठून आलो होतो, घाम अजून वाळला नव्हता. मला तिची इतकी दया आली, की मी गुपचूप मागे फिरलो आणि तिच्या नावापुढे गैरहजर असं लिहून टाकलं.

पंधरा दिवसांनी तिची आई तिला घेऊन वर्गाच्या दारात उभी. दाढ दुखतेय म्हणून सकाळपासून गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेकत होती. “शेकलं तशी जास्तीच सुजली, सर.” वैशालीची हनुवटी आणि गळा एक झाला होता. तोंडाशी धरलेला रुमाल लाळेनं चिंब. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण आवाज तोंडात घास असल्यासारखा येत होता.

मी बाईंना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. दोन बोटं जातील एवढं तोंड उघडतंय का? थुंकी गिळता येते का? दोन्हींचं उत्तर नाही होतं. बाई म्हणाल्या, “शेक आधी बंद करा. तिला आडवं करू नका. बसवून आणा, आत्ता.”

रिक्षात मी तिच्या नाकासमोर तळहात धरून बसलो होतो. सिग्नलला इंजिनाचा आवाज कमी झाला की तिचा श्वास ऐकू यायचा, आणि मला वाटायचं, पुढचा आला नाही तर?

बाई दवाखान्याच्या पायरीवरच उभ्या होत्या, स्ट्रेचर घेऊन. दाढेचा पू गळ्यात उतरला होता, श्वासाची वाट दाबत होता. वैशालीला आत नेताना आईनं बाईंचा हात धरला. “वाचंल ना ती?”

माझ्या आयुष्यात मी इतक्या कळकळीनं कधी कुणी खोटं बोलावं असं इच्छिलं नव्हतं. बाईंचे ओठ हलले. मग त्या म्हणाल्या, “आत्ता नाही सांगता येत. आम्ही सगळे आत आहोत.”

तीन तास. वैशाली वाचली. हनुवटीखाली एक व्रण राहिला. बाई बाहेर येऊन बाकावर बसल्या. तिथंच मी गैरहजरीचं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “भीती तुमची होती, सर. भोगली तिनं. मला काय सांगता? तिला सांगा.”

सांगायला मी दोन वर्षं लावली. गेल्या जूनमध्ये बाईंची बदली झाली, निरोपाला शाळेत आल्या. हार, नारळ, माझं लांबलचक भाषण. जाताना गाडीशी थांबून बाईंनी एवढंच विचारलं, “सांगितलंत?” मी मान खाली घातली. त्या गाडीत बसून निघून गेल्या.

त्याच संध्याकाळी मी वैशालीच्या घरी गेलो. आता ती नववीत आहे. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “माहितीये मला सर. तुम्ही मागं फिरलात ना, तेव्हा वाटलं, अख्ख्या शाळेत हे एकटेच चांगले.”

यंदा नवे डॉक्टर आले. तपासणी सुरू होण्याआधी मी शाळेला एक फेरी मारली. पाण्याच्या टाकीमागे तिघं सापडले. म्हटलं, दुखेल, पण चला. एक माझ्या मनगटाला कडकडून चावला. मी हात सोडला नाही.