खसच्या ताट्या

एप्रिल लागला की वर्ध्यातल्या कचेऱ्यांच्या दारांना खसच्या ताट्या लागत, त्या काळात कोकिळाबाई तरुण होत्या. बांबूच्या चौकटीत खसची, म्हणजे वाळ्याची, मुळं दाबून बांधलेली असत. ती ताटी दारात उभी करायची आणि दिवसभर तिच्यावर पाणी मारत राहायचं. बाहेरची झळ आत जाईपर्यंत गार आणि सुगंधी होऊन जाई. हे पाणी मारायचं काम कोकिळाबाईंना एका कचेरीत उन्हाळ्यापुरतं मिळालं होतं. ताट्या बांधायला बबनराव येत.

पहिल्याच दिवशी कोकिळाबाईंच्या बादलीतलं पाणी त्यांच्या पाठीवर पडलं.

"ताटी भिजवून राह्यली की मले?" ते ओरडले.

"मंग मधात काऊन उभा राह्यला?" कोकिळाबाई म्हणाल्या.

दोघांचीही घरं देवळीकडची, ओळखीतली निघाली. पुढच्या उन्हाळ्यात कोकिळाबाई त्याच कचेरीत पाणी मारत होत्या, पण गळ्यात बबनरावांचं मंगळसूत्र होतं. काम सुखाचं नव्हतं. दुपारच्या उन्हात पाय भाजत, ओल्यानं हातांना भेगा पडत. तरी मधल्या सुट्टीत दोघं ताट्यांमागच्या गारव्यात बसून भाकर खात, ती दुपार त्यांना पुढे जन्मभर आठवत राहिली.

मग कूलर आले. बबनरावांनीही एक आणला. सकाळी उठून ते हसले.

"लय बेस झोप लागली वं. आता माह्या ताट्या कोन घेईन?"

कोणी घेतल्या नाहीत. त्यांनी रागही धरला नाही. मुलाला, अंकुशला, त्यांनीच कूलरच्या दुकानात कामाला लावलं. आज सिंदी मेघेत अंकुशचं स्वतःचं दुकान आहे. बबनराव मात्र काही वर्षांपूर्वी गेले.

गेल्या उन्हाळ्याआधी अंकुशची बायको वर्षाली जेवताना सांगू लागली. ती नगर परिषदेत कामाला. शहर दरसाल जास्त तापतंय म्हणून वस्तीतल्या टिनांच्या छपरांवर पांढरा चुना मारणं सुरू झालं होतं, रस्त्याकडेला कडुनिंब लावले होते. आता बसस्थानकाजवळ फेरीवाल्यांसाठी, ऑटोवाल्यांसाठी विसाव्याची खोली होणार होती.

"तिथं एसी नाई लावायचा म्हणतात. वीज कमी लागली पाह्यजे. खसच्या ताट्या लावायच्या हायेत, पण बांधणारा सापडून नाई राह्यला."

"कूलर लावा म्हना, मी देतो," अंकुश म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळाबाई लुगडं नेसून वर्षालीच्या गाडीजवळ उभ्या राहिल्या. "मले घेऊन चाल."

खोलीत बांबू, सुतळी, वाळ्याचे भारे येऊन पडले होते. कोकिळाबाईंनी मुळं झटकली, पसरली, बांधली. ताटी उभी केली आणि निम्मी मुळं खाली घसरली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. त्या भिंतीला टेकून बसल्या.

"बांधनं त्याइचं काम होतं. मले फक्त पानी मारता येते."

वर्षालीनं नवऱ्याला फोन केला. अंकुश आला तो कुरकुरतच आला. पण वाळ्याचा वास आला तसा दारातच थबकला. लहानपणी बापाच्या सुतळीचं दुसरं टोक तोच धरायचा. खाली बसून त्यानं चौकट पायात दाबली.

"इकडून वढजो आई. जोरानं. बा दोन पेड घालत जाय."

आई ओढत राहिली, मुलगा गाठी मारत राहिला. मधेच त्यानं बाहीनं डोळे पुसले. कचरा गेला असेल म्हणून आईनं विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत चारही ताट्या उभ्या राहिल्या.

मे महिन्यात कोकिळाबाई तिथं गेल्या, तेव्हा खोली भरलेली होती. ताट्यांवर बारीक छिद्रांच्या नळीतून पाणी झिरपत होतं. बादलीचं काम उरलं नव्हतं. लिंबू विकणाऱ्या गुलाबनं सरकून बाकावर जागा दिली.

"कशाचा वास होय वं मावशी? मस्त लागून राह्यला."

"वाळ्याचा. आमच्या जवानीत अख्ख्या कचेरीत येत जाय."

"असाच?"

कोकिळाबाईंनी थोडा विचार केला. "याच्याहून बेस होता," त्या म्हणाल्या, आणि मग हसल्या. "तवा ऊनही कमी होतं, अन् तेही होते."

बोलता बोलता त्यांना डुलकी लागली. वर्षाली न्यायला आली, पण तिनं उठवलं नाही. ऊन उतरेपर्यंत ती शेजारी बसून राहिली.