डोळे मिटून ऐकणाऱ्या आपा

आपा दुसऱ्याचं भाषण डोळे मिटून ऐकत. नवख्याला वाटे, बाईंना डुलकी लागली. भाषण संपलं की त्या डोळे उघडत आणि आपल्याला काय काय दिसलं ते सांगत. उर्दू शाळेतून निवृत्त झाल्यावर, चार लोकांत बोलायला घाबरणाऱ्यांसाठी त्यांनी अकोल्याच्या घरी शनिवारचा वर्ग सुरू केला होता. कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास. त्या दुपारी मला अजून अर्ध्या स्वप्नातल्याच वाटतात.

मी पातूरच्या एका शाळेत भूगोल शिकवायला नुकतीच लागले होते. पोरांसमोर उभी राहिले की घसा कोरडा पडायचा, मग धडा नुसता वाचून दाखवायची. मुख्याध्यापकांनी साफ बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर दुसऱ्या बाई आणू." नोकरी गेली तर घरचे लग्नाच्या मागे लागणार, हे ठरलेलंच होतं.

म्हणून आपांकडे गेले, तर त्या मला बोलूच देईनात. "आदी दुसऱ्याचं आयक. मंग त्याले सांग, तुले काय दिसलं. नुसतं 'चांगलं बोलला' म्हनशीन तं चहा नाई भेटनार." आपांचा चहा वेलदोड्याचा असे, तेव्हा धमकी लहान नव्हती. तरी मी मनातून चरफडले. पोहायला आलेल्याला काठावर बसवून ठेवावं, तसं झालं.

एकदा पुढारी व्हायची हौस असलेला एक तरुण उठला आणि राष्ट्र, युवाशक्ती, क्रांती असं धडाधड बोलत सुटला. आपा म्हणाल्या, "बाबू, मले तं अंधारच दिसून राहिला." मग माझ्याकडे वळल्या, "तू सांग." मी चाचरत म्हटलं, "तुम्ही मध्येच आईच्या सायकलचं बोललात ना, तेवढी सायकल दिसली. बाकी काही नाही." त्याचं तोंड उतरलं. पण पुढच्या शनिवारी तो सायकलवरच बोलला, आणि आम्ही सगळे तिच्या कॅरिअरवर बसून शेतात जाऊन आलो.

परतीच्या एस्टीत मला घाम फुटला. माझ्या धड्यात तरी कुठं उजेड होता? नदी शिकवत होते आणि पाण्याचा थेंब नव्हता. सोमवारी पुस्तक मिटलं, पोरांना डोळे मिटायला लावलं आणि पूर्णेला गढूळ पाणी कसं चढतं ते सांगू लागले. मागून एक पोरगी ओरडली, "बाई, मायी चप्पल वाहून गेली!" वर्ग हसला, मीही हसले. घसा त्या दिवशी कोरडा पडायचं विसरूनच गेला. दिवाळीनंतरही शाळेत मीच होते.

पुढे आपा नागपूरला लेकीकडे कायमच्या जायला निघाल्या. शेवटच्या शनिवारी पहिल्यांदाच त्या स्वतः भाषणाला उभ्या राहिल्या आणि आम्ही डोळे मिटले. त्यांनी शाळेतल्या गमती सांगितल्या, अंगणातला कडुनिंब सांगितला, लेक किती मायेनं बोलावते आणि आता कसा आराम आहे, तेही सांगितलं. सगळे एका सुरात "फार छान" म्हणाले. आपा भडकल्या, "हेच शिकले काय तुमी इथं?"

मग मी उठले. आवाज कापला नाही. "आपा, शाळा दिसली. कडुनिंब तर पानापानानं दिसला. नागपूरचं घर मात्र दिसलं नाही. तिथं तुम्ही कुठं बसला आहात, तेच कळलं नाही."

आपांनी वळून अंगणातल्या कडुनिंबाकडे पाहिलं.

"बराबर बोलली, बेटा," त्या म्हणाल्या. "मलेच नाई दिसून राहिलं."